विश्लेषण : विंडो जिथे ठेवली तिथेच पुन्हा का उघडत नाही?

लोणावळ्यात पावसाळ्यात वीज क्षणभर जाते आणि परत येते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण त्याला जोडलेला मोठा मॉनिटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेवढ्यात डाव्या पडद्यावरचा ईमेल, उजवीकडचा एक्सेल तक्ता आणि कोपऱ्यातली व्हिडीओ कॉलची चौकट या सगळ्या विंडो लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर एकावर एक येऊन पडतात. डोंगरातल्या बंगल्यातून ऑफिसचे काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. तळेगावहून लोकलने पुण्याला जाऊन तोच लॅपटॉप ऑफिसच्या दोन मॉनिटरना जोडणाऱ्यांचीही हीच तक्रार असते.

ही अडचण आता आणखी एका कारणाने पुढे आली आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने संगणक टाकून देण्यापेक्षा त्यांवर लिनक्स बसवावे का, असा विचार छोटी कार्यालये, दुकाने आणि शाळा करू लागल्या आहेत. मात्र यंत्रणा बदलली की विंडो कुठे उघडायची याचे नियमही बदलतात. ते नियम काय आहेत आणि ते आपल्या हातात किती असतात?

काम नेमके कुठे अडते?

एकच विंडो पूर्ण पडद्यावर ठेवून काम करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. दोन-तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून काम करणाऱ्याला तो रोज पडतो. वडगाव मावळसारख्या तालुक्याच्या गावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचे उदाहरण घेता येईल. एका बाजूला सातबारा उतारा उघडलेला असतो, दुसऱ्या बाजूला अर्ज. गट क्रमांक, क्षेत्र आणि खातेदाराचे नाव पाहून टाइप करायचे असते. दोन्ही विंडो शेजारी असतील तर नजर इकडून तिकडे जाते आणि काम होते. त्या एकमेकींखाली गेल्या तर दर वेळी विंडो बदलावी लागते आणि आकडा डोक्यात धरून ठेवावा लागतो. गट क्रमांकातला एक अंक इकडचा तिकडे झाला तर अर्ज परत येऊ शकतो. जमिनीच्या व्यवहारांची वर्दळ असलेल्या मावळात असा परत आलेला अर्ज म्हणजे तालुक्याच्या गावी आणखी एक हेलपाटा.

दुसरा धोका खासगीपणाचा आहे. भरलेला अर्ज समोरच्या माणसाला तपासता यावा म्हणून अनेक ठिकाणी दुसरा पडदा ग्राहकाकडे वळवून ठेवलेला असतो. आधीच्या ग्राहकाचे आधार कार्ड किंवा बँक पासबुकाची प्रत चुकून त्या पडद्यावर उघडली, तर ती भलत्याच माणसाला दिसते. रिसॉर्टच्या स्वागत कक्षातही पाहुण्यांच्या ओळखपत्रांबाबत हेच घडू शकते. त्यामुळे कोणती विंडो कोणत्या पडद्यावर उघडावी हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही.

विंडोची जागा ठरवते कोण?

विंडो उघडते तेव्हा तीन जणांचे म्हणणे विचारात येते. पहिला खुद्द प्रोग्राम, म्हणजे ब्राउझर, एक्सेल किंवा टॅली. दुसरा पडद्यावरच्या सगळ्या विंडोंवर देखरेख ठेवणारा भाग. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. तिसरा वापरकर्ता, जो माउसने विंडो ओढून हवी तिथे नेतो.

पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या वाटेवरचे पार्किंग डोळ्यांसमोर आणले तर हे समजणे सोपे जाते. काही ठिकाणी चालक स्वतः सांगतो, ‘मला त्या झाडाखाली गाडी लावायची आहे’, आणि पार्किंगवाला बहुतेक वेळा हो म्हणतो. काही ठिकाणी चालकाला काही विचारले जात नाही. पार्किंगवाला शिट्टी वाजवून बोट दाखवतो, तिथेच गाडी लावायची. संगणकाच्या दुनियेत या दोन्ही पद्धती आहेत. एका पद्धतीतून दुसरीकडे गेलेला माणूस गोंधळतो.

विंडोजमध्ये काय सोय आहे?

मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज नोव्हेंबर १९८५ मध्ये आली, तेव्हा विंडो एकमेकींवर चढवताच येत नव्हत्या. त्या फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसत. एकावर एक विंडो ठेवण्याची मुभा १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. पुढे विंडो इतक्या वाढल्या की त्या पुन्हा शेजारी बसवण्याची सोय द्यावी लागली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये विंडो पडद्याच्या कडेला ओढली की ती अर्धा पडदा व्यापू लागली. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तयार मांडण्या आल्या. विंडोज कळ आणि झेड एकत्र दाबले की त्या दिसतात.

विंडोजमध्ये प्रोग्रामला आपली जागा सांगण्याचा अधिकार आहे. बंद होताना प्रोग्राम स्वतःची जागा लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच मागतो. मात्र हे प्रत्येक प्रोग्राम करतोच असे नाही. म्हणून काही विंडो जागच्या जागी उघडतात आणि काही दर वेळी नव्या ठिकाणी. ज्यांना पडद्याचे स्वतःचे कप्पे पाडायचे आहेत, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत संचात फॅन्सीझोन्स नावाची सोय आहे.

वीज गेल्यावर होणाऱ्या पसाऱ्यावर विंडोज ११ मध्ये एक उपाय आहे. सेटिंगमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि मल्टिपल डिस्प्लेज या क्रमाने गेल्यास मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय दिसतो. तो चालू असेल तर मॉनिटर परत आल्यावर विंडोही आपापल्या जागी परततात.

अ‍ॅपलच्या मॅकमध्ये विंडो कडेला ओढून बसवण्याची अंगभूत सोय उशिरा, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या सेक्वोया आवृत्तीत मिळाली. तोपर्यंत बरेच जण त्यासाठी वेगळे अ‍ॅप वापरत.

लिनक्समध्ये वेगळे काय?

विंडोजमध्ये पडद्याचा चेहरामोहरा एकच असतो. लिनक्समध्ये तो निवडता येतो. गाभा तोच, पण वरचे रूप वेगवेगळे. या रूपाला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. उबुंटूसोबत येणारा ग्नोम, मिंटची ओळख असलेला सिनॅमन, भरपूर सेटिंग देणारा केडीई प्लाझ्मा आणि जुन्या संगणकांवर हलका चालणारा एक्सएफसीई हे त्यांतले नेहमीचे चार. प्रत्येकाचा विंडो मॅनेजर वेगळा आहे. त्यामुळे ‘लिनक्समध्ये विंडो एका जागी कशी बांधायची?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी कोणता डेस्कटॉप आहे हे विचारावे लागते.

त्याच्याही खाली आणखी एक थर आहे. पडद्यावर चित्र उमटवण्याची जुनी व्यवस्था म्हणजे एक्स. ती १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, एक्स ११, १९८७ मध्ये आली. एक्समध्ये प्रोग्राम ‘मला डावीकडून १०० आणि वरून ५० पिक्सेलवर ठेवा’ असे सांगू शकतो. इतकेच नव्हे, एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामची विंडोही हलवू शकतो. त्यामुळे विंडोंची मांडणी बाहेरून करून देणारी छोटी साधने तयार झाली. डब्ल्यूएमकंट्रोल आणि डेव्हिल्सपाय ही त्यांतली ओळखीची नावे. एकदा नियम लिहून ठेवला की विंडो दर वेळी त्याच जागी.

वेलँड आल्यावर काय बदलले?

एक्सची जागा घेण्यासाठी ख्रिस्तियान होग्सबर्ग या प्रोग्रामरने २००८ मध्ये वेलँड हा प्रकल्प सुरू केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलँड या गावातून गाडीने जाताना त्याची कल्पना पक्की झाली, म्हणून प्रकल्पाला गावाचेच नाव मिळाले. फेडोराने २०१६ मध्ये आणि उबुंटूने २०२१ मध्ये वेलँड मुख्य पर्याय केला. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये तर ग्नोमसाठी जुन्या एक्सचा पर्यायच उरला नाही.

वेलँडमध्ये साध्या प्रोग्रामला आपली विंडो पडद्यावर कुठे आहे हे कळत नाही आणि ती कुठे हवी हे सांगताही येत नाही. तो फक्त आकार सुचवू शकतो. जागा ठरवणे हे पूर्णपणे डेस्कटॉपचे काम. भुशीच्या भाषेत सांगायचे तर आता सगळीकडे शिट्टी पार्किंगवाल्याच्या हातात आहे. त्यामुळे जो प्रोग्राम विंडोजवर आपली जागा आठवणीने पकडत होता, तोच वेलँडवर दर वेळी भलतीकडे उघडू शकतो. दोष प्रोग्रामचा नसतो. त्याला विचारणेच बंद झालेले असते. विंडो हलवणारी जुनी साधनेही इथे निरुपयोगी ठरतात. एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम एक्सवेलँड नावाच्या पुलावरून चालतात आणि त्यांना अजून जागा मागता येते. म्हणून एकाच संगणकावर काही विंडो सांगितलेले ऐकतात, काही ऐकत नाहीत, असे विचित्र चित्र दिसते.

अधिकार काढून घेण्याचे कारण काय?

मुख्य कारण सुरक्षेचे आहे. एक्समध्ये सगळे प्रोग्राम एकाच मोकळ्या वाड्यात राहिल्यासारखे असतात. कुणीही कुणाच्या दारात डोकावू शकतो. एखादा घातक प्रोग्राम दुसऱ्या विंडोत टाइप होणारी अक्षरे वाचू शकतो, पडद्याचे चित्र घेऊ शकतो किंवा बँकेच्या पासवर्डच्या चौकटीवर नेमकी आपली खोटी चौकट बसवू शकतो. वेलँडमध्ये प्रत्येक प्रोग्रामला फक्त आपली खोली दिसते. दुसऱ्याची विंडो कुठे आहे हेच कळत नसेल तर तिच्यावर नेम धरता येत नाही.

दुसरे कारण पडद्यांच्या बदललेल्या रूपाचे. एक पडदा लहान पण दाट पिक्सेलचा, दुसरा मोठा पण विरळ, अशी जोडी आता नेहमीची झाली आहे. अशा वेळी ‘डावीकडून १००’ म्हणजे नेमके किती, हे प्रोग्रामपेक्षा डेस्कटॉपला चांगले कळते.

मात्र या बदलाची किंमत वापरकर्ते मोजत आहेत. अनेक विंडोंचे मिळून एक काम करणाऱ्या वैज्ञानिक, आरेखन आणि नियंत्रणाच्या प्रोग्रामना हा बदल जड गेला. विंडोंच्या जागा लक्षात ठेवता याव्यात यासाठी वेलँडच्या नियमांत भर घालण्यावर काम सुरू आहे, आणि त्यावर प्रोग्रामरांमध्ये बरीच वर्षे वादही झाले आहेत. तोपर्यंत मार्ग एकच : नियम प्रोग्राममध्ये शोधण्याऐवजी डेस्कटॉपमध्ये लिहायचा.

कोणत्या डेस्कटॉपवर किती ताबा मिळतो?

केडीई प्लाझ्मा : सर्वाधिक ताबा इथे मिळतो. विंडोच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘मोअर अ‍ॅक्शन्स’मध्ये गेले की त्या प्रोग्रामसाठी नियम लिहिता येतो. जागा, आकार, कोणता पडदा हे सगळे ठरवता येते. नियम फक्त उघडताना लावायचा, कायम सक्तीने लावायचा की शेवटची जागा आठवणीत ठेवायची, हेही निवडता येते. हे नियम खुद्द विंडो मॅनेजरच पाळत असल्याने ते वेलँडवरही चालतात.

सिनॅमन : लिनक्स मिंटमधला हा डेस्कटॉप विंडोजच्या सवयीच्या लोकांना लवकर जमतो. तो नेहमीच्या मांडणीत अजून एक्सवरच चालतो. वेलँडची सोय त्यात जानेवारी २०२४ पासून प्रयोग म्हणून आली आहे. त्यामुळे जुनी साधने इथे काम देतात. नवी विंडो आपोआप जागा शोधून उघडावी की मधोमध, हे ‘विंडोज’ या सेटिंगमध्ये ठरवता येते.

एक्सएफसीई : जुन्या, कमी मेमरीच्या संगणकांसाठी सोयीचा. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधल्या ‘प्लेसमेंट’ या भागात नवी विंडो पडद्याच्या मध्यभागी की माउसच्या बाणाखाली, एवढी निवड मिळते. त्याचा विंडो मॅनेजरही एक्सवर चालतो.

ग्नोम : दिसायला नीटनेटका, पण नियम लिहिण्याची अंगभूत सोय नाही. जास्तीच्या जोडण्या, म्हणजे एक्स्टेन्शन, घ्याव्या लागतात. ‘ऑटो मूव्ह विंडोज’ ही जोडणी ठरावीक प्रोग्राम ठरावीक कार्यपटलावर पाठवते, पण पडद्यावरची नेमकी जागा ठरवत नाही.

याखेरीज आय३ आणि स्वे यांसारखे विंडो मॅनेजर आहेत. ते विंडो सहसा एकावर एक चढू देत नाहीत, फरश्यांसारख्या बसवतात आणि नियमांची फाइल वापरकर्त्याकडून लिहून घेतात. शिकायला वेळ लागतो, म्हणून ते प्रोग्रामरांमध्येच जास्त दिसतात.

सगळीकडे चालणाऱ्या कळा आहेत का?

आहेत, आणि त्या लक्षात ठेवल्या तर अर्धी अडचण सुटते. विंडोज कळ आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबला की विंडो पडद्याच्या त्या अर्ध्या भागात बसते. त्यात शिफ्ट मिळवली की विंडो त्या बाजूच्या मॉनिटरवर जाते. हे दोन्ही विंडोज, ग्नोम, सिनॅमन आणि केडीई या चारही ठिकाणी सारखेच आहे. एक्सएफसीईमध्ये मात्र या कळा कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः नेमाव्या लागू शकतात.

कधी कधी विंडो खाली पट्टीत दिसते, पण पडद्यावर कुठेच नसते. काढून टाकलेल्या मॉनिटरच्या जागी ती अडकलेली असते. विंडोजमध्ये ती निवडून ऑल्ट आणि स्पेस दाबावे, मग एम दाबून बाणाच्या कळांनी ती आत आणावी. ग्नोम, सिनॅमन आणि एक्सएफसीईमध्ये ऑल्ट आणि एफ७ दाबून बाण वापरता येतात. केडीईमध्ये ऑल्ट आणि एफ३ ने विंडोचा मेनू उघडतो, त्यात हलवण्याचा पर्याय असतो.

सगळे काम ब्राउझरमध्येच असेल तर?

सेवा केंद्रांत ही खरी गोम आहे. सातबारा, अर्ज, पैसे भरण्याचे पान हे सगळे एकाच ब्राउझरच्या वेगवेगळ्या विंडो असतात. डेस्कटॉपला मात्र तो एकच प्रोग्राम दिसतो. ब्राउझरसाठी नियम लिहिला की तो सगळ्या विंडोंना लागू होतो आणि त्या सगळ्या एकाच जागी जाऊन बसतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, केडीईच्या नियमात विंडोच्या शीर्षकाची अट घालणे. दुसरा, रोजची संकेतस्थळे क्रोमच्या मेनूतून अ‍ॅप म्हणून बसवून स्वतंत्र विंडोत उघडणे. असे केल्यावर ते संकेतस्थळ डेस्कटॉपला वेगळा प्रोग्राम म्हणून दिसते आणि त्याच्यासाठी वेगळा नियम लिहिता येतो.

एखादे संकेतस्थळ सगळ्या पडद्यांवर विंडो हाताळण्याची परवानगी मागत असेल तर विचार करून द्यावी. क्रोममध्ये ही परवानगी २०२२ पासून आली आहे. ओळखीच्या आणि कामाच्या संकेतस्थळाखेरीज ती कुणाला देण्याची गरज नाही.

जुना संगणक लिनक्सवर नेण्याआधी काय तपासावे?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्याआधीचे संगणक चालत असले तरी या अटीत बसत नाहीत. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा सेवा घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. ज्यांना बदल करायचाच आहे त्यांनी घाई न करता काही गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, लिनक्स बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. याच वेळी दोन्ही मॉनिटर जोडून रोजच्या चार विंडो उघडून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट, मॉनिटरची तार काढून पुन्हा लावावी. विंडो परत जागेवर येतात का, हे तिथेच कळते. पावसाळ्याची रंगीत तालीम म्हणायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि प्रिंटर लिनक्सवर चालतात याची खात्री करावी. ती नसेल तर विंडोंची मांडणी कितीही चांगली जमली तरी केंद्राचे काम चालणार नाही.

चौथी गोष्ट ग्राहकाकडे वळवलेल्या पडद्याची. तिथे कोणती विंडो जाईल हे नशिबावर सोडू नये. पडद्याचा नियम लिहिता येत असेल तर तो लिहावा. येत नसेल तर तो पडदा एरवी बंद ठेवून तपासणीच्या वेळेपुरताच सुरू करावा, आणि एका ग्राहकाचे काम संपले की त्याची सगळी कागदपत्रे बंद करूनच पुढचे नाव पुकारावे. ही सवय मात्र कोणत्याही यंत्रणेवर, कोणत्याही डेस्कटॉपवर लागतेच.